प्रांजल, उभ्या होडीचा आकडा मिळाला

प्रांजल, तुझा फ्लेक्स लागलाय. उमेळ्याच्या नाक्यावर, रिक्षा उभ्या राहतात तिथे. फोटो कंपनीच्या ओळखपत्रावरचा, ज्यात तू शिंक येता येता राहिल्यासारखी दिसतेस. वर लिहिलंय, 'हरित इंधनाची कन्या हरपली'. खाली कंपनीचं नाव, तुझ्या नावापेक्षा मोठं. आणि कोपऱ्यात हिरव्या पानाच्या चित्रात दोन शब्द: 'शून्य प्रदूषण'.

शून्य! तुझ्या फोटोखाली! माझ्या एकाही पत्रकात तू हा शब्द टिकू दिला नाहीस. 'शून्य काही नसतं, किती ते लिही,' म्हणून पेनाने खोडून टाकायचीस.

मी कंपनीत फोन लावला. म्हटलं, मैत्रीण गेली आमची आणि जाहिरात तुमची, हे कसं? पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, ती श्रद्धांजली आहे." मी म्हटलं, श्रद्धांजलीला लोगो लागत नाही. तिने फोन ठेवला. फ्लेक्स अजून आहे. तुझ्या आईला रोज त्याच्याखालून बाजारात जावं लागतं.

तू काय करायचीस, याबद्दल त्या फ्लेक्सवर एक धड अक्षर नाही. म्हणून मी लिहिते. चूक झाली तर ये आणि खोड.

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात तुमच्या कंपनीने होडीचं इंजिन उभं केलं, अमोनियावर चालणारं. डिझेल फक्त पेट घेण्यापुरतं. अमोनियात कार्बन नाही, म्हणून तो जळला की कार्बनचा धूर नाही. ऐकायला गोड. पण सगळा अमोनिया जळत नाही, थोडा तसाच नळीतून बाहेर येतो. जो जळतो त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, छातीत जाऊन बसणारे. हे सगळं हवेत सुटण्याआधी जिथे साफ होतं तो लोखंडी डबा तुझा. त्या डब्यातला कॅटॅलिस्ट तुझा. बाकी इंजिन कंपनीचं.

आणि आम्ही पाचूबंदरची माणसं अमोनिया चांगला ओळखतो. बर्फाच्या कारखान्यात तोच असतो. कधी गळला की गल्लीतल्या बाया कोणी न सांगता पदर, ओढणी, टॉवेल, हाताला येईल ते ओलं करून नाकाला लावतात आणि वारा जिकडून येतो तिकडे चालू लागतात. हे आम्हाला पाढ्यांच्या आधी येतं. तुमची पांढरी-हिरवी होडी चाचणीसाठी आमच्या धक्क्याला लागली आणि तिच्या मागून तोच वास आला. तेव्हा मी काय करायचं होतं? कंपनीचं माहितीपत्रक वाचायचं? मी पत्रक काढलं. 'नाक आमचं, धंदा तुमचा!' धक्का भरला. लिलाव थांबला. कंपनीचे साहेब ओला रुमाल शोधत होते.

संध्याकाळी तू आमच्या दारात. हातात माझं पत्रक, त्यावर तुझ्या पेनाच्या रेघा.

"महाविष म्हणजे काय गं? विषाला बढती मिळते का?"

"लोकांना कळतं."

"लोकांना अमोनिया कळतो, तूच म्हणतेस. मग अमोनिया लिही ना."

कॉलेजात एका बाकावर बसायचो तेव्हापासून हेच. मी लिहायचं, तू खोडायचं. बाबा पायरीवर जाळं सांधत बसले होते. त्यांनी तुला बसायला जागा केली. "बाय, तू कंपनीची ना? मंग चा घे. हिचं ऐकू नको, ही जन्मल्यापास्नं वरडतेय."

मग तू बाबांना तुझा डबा समजावून सांगितलास. मला नाही, बाबांना, कारण मी ऐकणार नाही हे तुला माहीत होतं. उरलेला अमोनिया हे एक विष आणि ते ऑक्साइड हे दुसरं. दोघं नीट समोरासमोर आले तर एकमेकांना संपवतात, मागे राहतो नायट्रोजन आणि पाणी. नायट्रोजन म्हणजे आपण श्वासात घेतोय तोच.

"मंग ते आपसूक का नाय संपवत?" बाबांनी विचारलं.

"लिलाव पुकारणारा लागतो काका. मासळी त्याची नाही, घेणारा तो नाही. पण तो नसेल तर टोपली जागच्या जागी कुजते. कॅटॅलिस्ट म्हणजे तो."

"आनि दलाली?"

"एक पैसा घेत नाही. म्हणून तर मला आवडतो." मग म्हणालीस, "एकच खोड आहे. गरम झाल्याशिवाय कामाला लागत नाही. सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय तोंड न उघडणारी माणसं असतात ना, तसा."

बाबा माझ्याकडे बघून हसले. मला राग आला, कारण मी तशी आहे आणि कारण मला तुझं सगळं समजलं होतं.

माझ्या पत्रकाचा परिणाम झाला. तू कबूल केलं नाहीस, पण झाला. कंपनीने घाईघाईने तुझ्या डब्यामागे कॅटॅलिस्टचा आणखी एक तुकडा बसवला, उरलासुरला अमोनिया जाळून टाकणारा. वास गेला. वासाबरोबर माणसंही गेली. पुढच्या सभेला मी, माईकवाला आणि सावलीला आलेले दोन कुत्रे. लोक म्हणाले, आता कशाला? वास तर येत नाय.

मी म्हटलं, जिंकलो. तू धक्क्याच्या कठड्यावर येऊन बसलीस तर चेहरा असा, जणू तुझ्याच घरात चोरी झालीय.

"आता काय? वास गेला ना?"

"तो तुकडा अमोनिया जाळतो. पण अर्धवट गरम असला की जाळता जाळता नायट्रस ऑक्साइड बनवतो. तो नाकाला लागत नाही, डोळ्याला झोंबत नाही. फक्त पृथ्वी तापवतो. कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पटींनी."

"म्हणजे कार्बन वाचवला आणि हा सोडला?"

"सोडलाच असं नाही. किती सोडला ते मोजायला हवं. आधी वास होता तेव्हा तुझ्यामागे माणसं होती. खरी गरज आता आहे."

माझं डोकं फिरलं. अजून फिरलेलं आहे, म्हणून इथे पुन्हा लिहिते: नाकाला न कळणाऱ्या वायूविरुद्ध मोर्चा काढायचा कसा गं? घोषणा काय द्यायची? 'मोजा, मोजा' म्हणून कोणी उन्हात उभं राहत नाही. पोट, पाणी, वास, आग, याला माणूस घराबाहेर पडतो. मी हे तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "मग तुझी चळवळ तुझ्या नाकाएवढीच लांब आहे."

लागलं ते. पण उत्तर नाही ते. बोचरं बोललं म्हणजे उत्तर दिलं असं होत नाही, प्रांजल. हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

तुला होडीवर यायचं होतं. कंपनीच्या नव्हे, बाबांच्या, जुन्या डिझेलच्या. "तुम्ही इंजिन चालवता कसं ते मला बघायचंय." धुराच्या नळीला तू तापमान मोजायची तार बांधलीस, वाडीतल्या केळ्यांची फणी आणलीस, आणि खाडीचं तोंड यायच्या आत तीन केळी खाऊन तिन्ही दर्याला दिलीस. बाबा म्हणाले, "जाऊ दे, मासं पन जेवतील."

डोलीपाशी पोचलो. डोल म्हणजे पाण्याच्या ओढीत रोवलेलं जाळं, ते ओढायचं भरती-ओहोटीचं पाणी फिरल्यावर. तोवर थांबायचं. बाबांनी वेगाचा दांडा मागे घेतला आणि इंजिन हळू धडधडत ठेवून विडी काढली. तू तारेच्या डबीकडे बघत होतीस. आकडा उतरत होता.

"काका, इंजिन बंद नाही करत?"

"बंद करून मंग चालू कोन करनार? तू? बॅटरी मेली तर हितंच संसार मांडायचा?"

तू आजूबाजूला पाहिलंस. नजर पोचेल तिथवर प्रत्येक होडी उभी, प्रत्येक होडीच्या मागे तीच मंद धडधड. कोणी बंद करत नाही. आमच्याकडे कोणी बंद करत नाही, आज्यापणज्याने डिझेल इंजिन पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून. तू उलटी विसरलीस.

"आमच्या चाचणीत होडी धक्क्यावरून निघते, जोरात पळते आणि परत येते. मधे उभीच राहत नाही. आम्ही पळणाऱ्या होडीचा डबा बनवलाय."

"आम्ही मासे धरतो. शर्यत लावत नाही."

"थट्टा नको करूस. इथे तो गार पडतो. गार पडला की साफ करत नाही, नुसता अमोनिया पीत बसतो स्पंजासारखा. आणि काकांनी दांडा पुढे ढकलला की पुन्हा तापता तापता सगळं एकदम ओकून टाकणार. मागचा तुकडा तेव्हा अर्धवट गरम. म्हणजे नायट्रस ऑक्साइड."

  एरवी कधी इतका वेळ आपण एका बाजूला होतो असं मला आठवत नाही. पाणी फिरेपर्यंत, तेवढाच वेळ.

पुढचं माझ्या डोळ्यांसमोर घडलं नाही. तू सांगितलंस तेवढं लिहिते. डब्याला विजेचा हीटर लावा, होडी उभी असतानाही तो गरम राहील, असं तू कंपनीत सांगितलंस. ते म्हणाले, मोठी बॅटरी लागेल, परवडत नाही. मग तू म्हणालीस, उभी असताना इंजिन डिझेलवर न्या. ते म्हणाले, मग 'डिझेलमुक्त' कसं छापायचं? माझी पत्रकं वाईट म्हणतेस, अगं, तुमची कंपनी तर इंजिनच पत्रकाच्या मापाने बनवत होती!

मी फोनवर म्हटलं, मला आकडे दे. तुमच्या गाळ्यातले. मी छापते.

"ते कंपनीचे आहेत."

"हवा कोणाची आहे?"

"तू तुझे आकडे मिळव. मोजायला भाग पाड. मी चोरून दिलेल्या कागदाला ते एका दिवसात खोटं ठरवतील आणि डबा अर्धा राहील."

मी तुला पगारी म्हटलं. तू मला भोंगा म्हणालीस. मी शब्द मागे घेतलेला नाही, घेणारही नाही. तूही घेतला नाहीस, आणि आता घेऊ शकत नाहीस, तर बरोबरी. फोन ठेवताना तू म्हणालीस, "मच्छीमार सोसायटीच्या सभेत बंदी मागू नकोस. उभ्या होडीचा आकडा माग. एवढंच माग. बाकी रविवारी बोलू."

रविवारी तू तापात होतीस. त्याच्या पुढच्या रविवारी मी उमेळ्याला तुमच्या ओटीवर बसले होते आणि आत बायका हळू आवाजात बोलत होत्या. एक डास. तू ज्या विषांच्या मागे हात धुऊन लागली होतीस त्यातलं एकही नाही, डास! भांडणाच्या मधेच उठून जायची तुझी पद्धत नव्हती गं. शेवटपर्यंत बसायचीस, पाणी प्यायचीस, पुन्हा मुद्द्यावर यायचीस. हे असं अर्धं टाकून जाणं मला मान्य नाही. कोणाकडे निषेध नोंदवू सांग.

तुझी आई बाहेर आली, माझ्याजवळ बसली. "तू तिच्याशी फार भांडायचीस."

"हो."

"तिला बरं वाटायचं. त्या डब्याबद्दल घरात कोणी तिच्याशी भांडत नव्हतं. आम्ही नुसतं हो हो म्हणायचो."

मी तिथे रडले नाही. परत येताना रिक्षात रडले, आणि रिक्षावाल्याने आरशात बघून गाणं बंद केलं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण तू लगेच जिंकल्यासारखं केलं असतंस. मला ते इंजिन चालायला हवं होतं. बाबांच्या खोकल्यात डिझेल आहे. त्यांचं बनियन कितीही उकळलं तरी आई ते वेगळ्या दोरीवर वाळत घालते. तुझा डबा जमला असता तर मी पहिली टाळी वाजवली असती. मागे उभी राहून, तुला दिसणार नाही अशी.

सभा झाली. सोसायटीच्या हॉलमध्ये कंपनीचे साहेब पडद्यावर निळा समुद्र दाखवत होते. इंजिन घ्यायला कोण कोण तयार, असा विषय. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता ही 'चले जाव' म्हणणार म्हणून. मी उठले आणि म्हटलं, डोलीपाशी उभ्या असलेल्या होडीचा आकडा दाखवा.

साहेब म्हणाले, "ते मानकात बसत नाही."

"आमचा अर्धा दिवस तिथेच जातो."

मागून कोणीतरी ओरडलं, "अगं पन तू बाजूनं की विरोधात? काय ते एक बोल!" हॉल हसला. एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हे तुझ्यामुळे. माझं नाव खराब केलंस तू.

पण बाबा उठले. त्यांना सभेत बोलताना मी कधी पाहिलं नाही. म्हणाले, "होडी तुमची, तांडेल मी. आम्ही चालवतो तशी चालवनार. मंग काय ते मोजा." तांडेलाने होडी चालवू नये असं कोण म्हणणार? साहेबांना हो म्हणावं लागलं.

तुझ्या जागी आलेला मुलगा चांगला आहे, तुझ्यासारखा आगाऊ नाही. तो बिनवासाचा वायू मोजायचं यंत्र घेऊन आला, ओकला नाही. जाताना सगळं ठीक, आकडा इतका खाली की त्याने मला बोलावून दाखवला. पळणारी होडी तू खरंच साफ केली होतीस, प्रांजल. हे छापते मी इथे, माझ्या नावाने. मग डोल आली. बाबांनी दांडा मागे घेतला. आकडा बराच वेळ गप्प राहिला, मग सरकू लागला. आणि पाणी फिरल्यावर बाबांनी दांडा पुढे ढकलला तेव्हा तो असा उसळला की मुलाने यंत्राला चापट मारून बघितली. मी खोल श्वास घेतला, सवयीने. खारा वारा, जाळ्याचा वास. दुसरं काही नाही. नाकाला काहीही नाही.

"हा भाग आपण धरत नाही," मुलगा म्हणाला. "इंजिन सावरतंय ना, तेव्हाचा आहे."

मी तोंड उघडणार होते. त्याआधी बाबांनी दांडा मागे घेतला. "परत बग."

पुन्हा उभे राहिलो. पुन्हा पुढे. पुन्हा उसळला. बाबांनी पुन्हा मागे घेतला.  ऊन डोक्यावर आलं, मुलाच्या शर्टाचा रंग बदलला, आणि बाबा दांडा मागेपुढे करतच होते, चेहऱ्यावर काही नाही. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे काका. धरतो."

धरला त्याने. अहवालात आहे, मी पाहिला. मी एकही घोषणा दिली नाही. पण तुला वाटायचं तसं आकड्याने काही आपोआप झालं नाही, हेही ऐक. कंपनी म्हणते, सोसायटीने मागणी केली तर हीटरचा विचार करू. सोसायटी म्हणते, वास येत नाही तर लोक सही कशाला करतील? म्हणजे आलं ना भांडण परत माझ्या दारात? आकडा कसा मिळवायचा ते सांगून गेलीस. त्याच्यासाठी माणसं कशी उभी करायची, ते नाही.

पत्रक लिहायला बसले तर दोन ओळींपुढे जाईना. म्हणून काल तशीच धक्क्यावर गेले, रिकाम्या हाताने. पहिलीच मावशी बोंबील निवडत होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "वास येते?" म्हटलं, नाही. "मंग?" मी उभ्या उभ्या सांगू लागले, तिला माझं अर्धं ऐकू येईना, म्हणून तिच्यासमोर खाली बसले. थांबलेली होडी, गार पडलेला डबा, उसळणारा आकडा, हीटर. वेळ लागला. तिचे हात चालू होते, पण ती ऐकत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो गरम करनारा डबा खाऱ्या पान्यात किती टिकंल? आमची कढई टिकत नाय."

प्रांजल, हे मला माहीत नाही. एवढं भांडले तुझ्याशी, हे विचारलंच नाही. तुला माहीत असणार. तू याचा विचार केला नसशील असं होणारच नाही.

मावशीने पाटीतला पुढचा बोंबील उचलला. "तुज्यासंगं यायची ना ती पोरगी, इंजिनवाली? जा, तिला विचारून ये. मी हाय हितंच."